उजळणी थोडी कमी करा, मुलांना लिहू द्या : हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र

सन्माननीय शिक्षकहो,

सप्रेम नमस्कार.

इंग्रजीची वार्षिक परीक्षा जवळ आली की वर्गात उजळणी सुरू होते आणि घरोघरी नोट्सचे गठ्ठे निघतात. या काळात मुले नेमके काय करतात, हे घरी त्यांच्या शेजारी बसणाऱ्या पालकांना जितके दिसते तितके वर्गात तुम्हाला दिसत नसावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझ्या मुख्य विनंत्या दोन आहेत. परीक्षेआधीच्या तीन-चार आठवड्यांत उजळणीचे निम्मे तरी तास मुलांच्या स्वतःच्या लेखनाला द्यावेत, आणि उत्तर कसे तपासले जाते हे परीक्षा होण्यापूर्वी मुलांना प्रत्यक्ष उत्तरे दाखवून समजवावे.

गणिताचा अभ्यास कर म्हटले की मूल वही उघडून उदाहरणे सोडवू लागते. इंग्रजीचा अभ्यास कर म्हटले की त्याला काय करावे तेच समजत नाही. मग ते नेमलेले नाटक पुन्हा वाचते, ओळींवर पिवळा-हिरवा मार्कर फिरवते, प्रत्येक प्रकरणाचा सारांश उतरवून काढते, पात्रांची यादी करते आणि अलंकारांच्या व्याख्या घोकते. तासन् तास असे बसल्यावर खूप अभ्यास झाल्यासारखे वाटते, आणि पालकही समाधानाने दिवा मालवतात. प्रश्नपत्रिकेत मात्र विचारलेले असते की, मुख्य पात्राच्या निर्णयांमागे भीती किती आणि स्वार्थ किती, हे संहितेचा आधार देऊन स्पष्ट करा. ठरलेल्या वेळेत स्वतःचे म्हणणे ठरवायचे, आधार निवडायचे आणि ते सुसंगत परिच्छेदांत मांडायचे, हे काम त्या मुलाने तयारीच्या काळात एकदाही केलेले नसते. पोहण्याची परीक्षा द्यायला निघालेल्याने आदल्या रात्री पोहण्यावरचे पुस्तक वाचावे, तसाच हा प्रकार आहे.

हे केवळ माझे निरीक्षण नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना माहितीपर गद्य उतारे दिले होते. एका गटाने उतारा चारही सत्रांत वाचला; दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, समोर उतारा न ठेवता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर चित्र उलटले : वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यातला आणखी एक तपशील. आपल्याला पुढे किती आठवेल, असे विचारले असता जास्त खात्री होती ती वाचणाऱ्या गटालाच. रात्री अकराला ‘सगळं येतंय मला’ म्हणणारे मूल खोटे बोलत नसते. पान समोर असते तोवर त्याला खरोखरच सगळे येत असते.

मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली अभ्यासाच्या दहा रूढ पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हाही ओळी रंगवणे, पुन्हा वाचणे आणि सारांश लिहिणे या तिन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणे, या दोन पद्धती मात्र सर्वाधिक उपयोगाच्या ठरल्या. म्हणजे आपली मुले इंग्रजीसाठी ज्या तीन गोष्टी मनापासून करतात, नेमक्या त्याच तीन गोष्टींचा उपयोग सर्वांत कमी आहे. मुलांना हे कोणी सांगत नाही, आणि घरी आम्ही सांगितले तर ‘तुला काय कळतंय’ असे उत्तर मिळते. तुम्ही सांगितले तर ती ऐकतील.

एक गैरसमज नको. पाठांतर वाईट आहे, असे मला म्हणायचे नाही. संहितेतली एकही ओळ आठवत नसेल, तर आधार देऊन लिहिणे अशक्यच आहे, आणि ज्या परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येत नाही तिथे काही ओळी तोंडपाठ असाव्याच लागतात. परंतु मुले पाठ करतात ती आठ-आठ ओळींची भाषणे, आणि ती उत्तरात कुठेतरी बसवायचीच म्हणून आणखी दोन परिच्छेद वाढवतात. त्याऐवजी पाच-सहा शब्दांचे असे तुकडे निवडावेत, जे एकाहून अधिक प्रश्नांत उपयोगी पडतील आणि वाक्याच्या ओघात सहज सामावले जातील. एका पात्राचे असे तीन तुकडे आणि प्रत्येकाशेजारी ‘यातून काय दिसते’ याची एक ओळ, एवढी सामग्री बहुतेक उत्तरांना पुरते. अशी निवड करायला शिकवण्यात एक तास गेला, तरी तो सारांशाच्या दहा पानांपेक्षा सत्कारणी लागेल.

आता मुख्य अडचणीकडे येते. साहित्यावरच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून बहुतेक मुले गोष्ट सांगतात. समजा, नाटकात थोरला भाऊ बहिणीला आलेले पत्र लपवतो, आणि प्रश्न त्याच्या हेतूंविषयी आहे. मूल जे इंग्रजीत लिहील ते मराठीत मांडायचे तर असे असते : ‘पहिल्या अंकात भाऊ पत्र लपवतो. नंतर बहीण त्याला पत्राबद्दल विचारते. तो खोटे बोलतो. शेवटी सगळ्यांना सत्य कळते.’ यातले प्रत्येक वाक्य खरे आहे, व्याकरणही बरोबर आहे. पण प्रश्नाला यातल्या एकाही वाक्याने हात लावलेला नाही. तपासणारे शिक्षक समासात ‘विश्लेषण कमी’ असा शेरा मारतात. मुलाला तो शेरा वाचून काहीही उमगत नाही, कारण विश्लेषण म्हणजे नेमके कोणते वाक्य लिहायला हवे होते, ते त्याने कधी पाहिलेलेच नसते.

तेच मूल असे लिहू शकले असते : ‘बहिणीला वाचवण्यासाठी पत्र लपवले, असे भाऊ स्वतः म्हणत असला, तरी ते जाळून टाकण्याची संधी दोनदा येऊनही तो ते जपून ठेवतो; म्हणजे त्याला बहिणीचे दुःख टाळायचे नाही, तिच्यावरचा ताबा हातात ठेवायचा आहे.’ माहिती तीच आहे. फक्त तिला एक म्हणणे मिळाले, आणि ते म्हणणे खोडून काढणारा पुरावाही विचारात घेतला गेला. पहिल्या मजकुरापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यासाठी दोनच प्रश्न पुरतात : ‘का?’ आणि ‘मग त्याचे काय?’ हे प्रश्न मुलाने आपल्याच प्रत्येक वाक्याला विचारायचे. पण ही सवय फळ्यावरच्या आदर्श उत्तराने लागत नाही. स्वतःचा कच्चा परिच्छेद समोर ठेवून, त्यात खाडाखोड करून, तो पुन्हा लिहिला की ती लागते. वर्गात फळ्यावर एखाद्या मुलाचा (नाव न सांगता) परिच्छेद लिहून सर्वांनी मिळून तो सुधारला, तर अर्ध्या तासात जे साधेल ते छापील नोट्सच्या संचाने साधणार नाही.

यावर तुमचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते रास्त आहे. वर्गात इतकी मुले, प्रत्येकाचे निबंध तपासायचे कधी? माझे म्हणणे असे की सगळे तपासायची गरजच नाही. रोज पूर्ण निबंध लिहून घेण्यापेक्षा दहा मिनिटांत फक्त आराखडा लिहून घ्यावा : एक ओळ आपल्या म्हणण्याची, तीन ओळी मुद्द्यांच्या, प्रत्येक मुद्द्यापुढे एक आधार. असे आराखडे वेगवेगळ्या प्रश्नांवर करून घेतले, म्हणजे परीक्षेत नवा प्रश्न पाहून कोरे पान समोर घेऊन बसून राहण्याची वेळ येत नाही. कधी फक्त सुरुवातीचा परिच्छेद लिहून घ्यावा, कधी फक्त एक मधला. मुलांनी एकमेकांचे वाचून ‘तुझे म्हणणे काय आहे ते मला या वाक्यात सापडले’ एवढेच अधोरेखित केले, तरी ज्याच्या कागदावर काहीच अधोरेखित झाले नाही त्याला न सांगता समजते. पूर्ण उत्तर, घड्याळ लावून, एक-दोनदाच लिहून घ्यावे, पण ते लिहून घ्यावेच.

घड्याळ लावणे महत्त्वाचे यासाठी, की वेळेचा हिशेब मुलांना कोणी शिकवत नाही. समजा दोन तासांची आणि शंभर गुणांची प्रश्नपत्रिका आहे. म्हणजे एका गुणाला एक मिनिट बारा सेकंद मिळतात. चाळीस गुणांच्या निबंधाला 48 मिनिटे, आणि त्यातली पाच-सात आराखड्याला. प्रत्यक्षात अनेक मुले सुरुवातीच्या सोप्या व्याकरणावर घुटमळतात, निबंधाला पंचवीस मिनिटे उरतात, आणि मग हुशार मुलाचाही शेवट अर्धवट वाक्यावर होतो. आराखड्याला दिलेली पाच मिनिटे वाया गेली, असे त्यांना वाटते. घड्याळ लावून एकदा आराखड्यासह आणि एकदा आराखड्याशिवाय लिहून पाहिले, की हा भ्रम आपोआप जातो.

अपठित उताऱ्याबद्दल थोडे. त्याची तयारी करता येत नाही, असा सार्वत्रिक समज आहे, म्हणून मुले शेवटच्या आठवड्यात शब्दांच्या याद्या पाठ करतात. इंग्रजी शब्दसंपत्तीचे अभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 साली मांडलेल्या अंदाजानुसार, कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचे तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे (एक मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुटुंब) माहीत असावी लागतात. एका आठवड्यात पाठ केलेले शंभर शब्द या मानाने किती, हे उघड आहे. शिवाय ते नेमके त्या उताऱ्यात येतील याची शाश्वती नाही. शब्दसंपत्ती वर्षभराच्या वाचनाने वाढते. परीक्षेच्या तोंडावर शिकवण्याजोगी गोष्ट वेगळी आहे : अनोळखी शब्दाला अडून न बसता आधीच्या-नंतरच्या वाक्यावरून त्याचा साधारण अर्थ बांधणे, ‘परंतु’, ‘तरीही’, ‘म्हणून’ या अर्थाच्या जोडशब्दांवर लक्ष ठेवून लेखकाचा विचार कुठे वळतो ते टिपणे, आणि प्रश्न लेखकाचे मत विचारतो आहे की उताऱ्यातल्या एखाद्या पात्राचे, हे आधी ठरवणे. या शेवटच्या गोष्टीत चूक झाल्याने गुण जातात तेवढे कशातच जात नसावेत. उतारा समजलेला असतो, फक्त मत दुसऱ्याचे लिहिलेले असते.

व्याकरणाच्या बाबतीत छापील स्वाध्यायांवर माझा विश्वास कमी आहे. मुले रिकाम्या जागा अचूक भरतात आणि स्वतःच्या निबंधात तीच चूक पुन्हा करतात. दोन स्वतंत्र वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडणे ही त्यातली एक. काळाची सरमिसळ ही दुसरी : साहित्यकृतीतल्या घटनांविषयी लिहिताना इंग्रजीत वर्तमानकाळ वापरण्याचा संकेत आहे, पण मूल पहिल्या ओळीत भूतकाळाने सुरू करते, तिसऱ्या ओळीत वर्तमानात येते आणि शेवटी पुन्हा मागे जाते. प्रत्येक मुलाच्या चुका ठरावीक असतात, आणि त्या त्याच्याच जुन्या वह्यांत लाल शाईने लिहून ठेवलेल्या असतात. त्या वह्या उघडून आपल्या नेहमीच्या तीन चुका वेगळ्या कागदावर काढून घ्या, एवढे काम तुम्ही गृहपाठ म्हणून द्यावे. परीक्षेत शेवटची पाच मिनिटे ‘सगळे एकदा वाचून बघ’ या सल्ल्याने काही हाती लागत नाही; पण ‘फक्त क्रियापदांचे काळ बघ’ म्हटले, तर मूल पाच मिनिटांत दोन पाने खरोखर तपासते.

आता दुसऱ्या विनंतीविषयी, आणि इथे थोडे कटू लिहावे लागेल. 1912 साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोन अमेरिकी संशोधकांनी हायस्कूलच्या इंग्रजी परीक्षेच्या दोन उत्तरपत्रिकांच्या हुबेहूब प्रती काढून शंभराहून अधिक शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना तपासायला पाठवल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कोणी शंभरपैकी 64 गुण दिले, कोणी 98. दुसरीला कोणी 50, तर कोणी 97. कोणी मजकुराला महत्त्व दिले, कोणी नेटकेपणाला, कोणी शुद्धलेखनाला. कोणाला वाटेल की इंग्रजीचा विषयच असा. पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, तर तिच्या गुणांतली तफावत याहूनही मोठी निघाली. शंभर वर्षांहून जुनी ही गोष्ट आहे, आणि त्यानंतर निकषांचे तक्ते आले, नमुना उत्तरे आली, तपासणीची फेरतपासणी आली, हे मान्य. तरीही निकषांचा तो तक्ता बहुतेक ठिकाणी शिक्षकांच्या फायलीत राहतो किंवा मुलांपर्यंत पोहोचला, तरी ‘सखोल आकलन’, ‘प्रभावी मांडणी’ असल्या शब्दांत पोहोचतो. सखोल म्हणजे किती खोल, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने कसे ओळखावे?

त्याला ते उदाहरणांनीच ओळखता येईल. मागच्या वर्षांची तीन उत्तरे घ्यावीत, एक चांगले, एक मध्यम, एक कच्चे. नावे काढून टाकावीत, गुण झाकावेत आणि मुलांना ती निकष हातात घेऊन तपासायला सांगावे. मग तुमचे गुण उघड करावेत आणि फरक का पडला यावर बोलावे. मुले सहसा लांब आणि सुंदर अक्षरातल्या उत्तराला जास्त गुण देतात. त्यांचे हे मत बदलताना पाहणे मोठे मनोरंजक असते. दुसऱ्याचे उत्तर तपासल्यावर स्वतःच्या उत्तरात काय नाही, हे मुलांना जसे दिसते तसे कोणाच्या सांगण्याने दिसत नाही.

सराव उत्तरांवर गुण न देता केवळ शेरे द्यावेत, अशीही एक सूचना आहे. मानसशास्त्राच्या संशोधक रूथ बटलर यांनी 1988 साली शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात ज्यांना फक्त लिखित अभिप्राय मिळाला त्यांची पुढची कामगिरी आणि कामातला रस दोन्ही चांगले राहिले. ज्यांना अभिप्रायासोबत गुणही मिळाले त्यांना तसा फायदा झाला नाही. गुण दिसले की शेरा वाचलाच जात नाही, हे घरी आम्ही दररोज पाहतो. मूल कोपऱ्यातला आकडा बघते, शेजारच्याचा विचारते आणि वही दप्तरात जाते. शेरा एकच असावा आणि त्यावर पुढे काय करायचे ते लिहिलेले असावे : ‘दुसऱ्या परिच्छेदातला आधार तुझ्या म्हणण्याशी जोडून पुन्हा लिही.’ असे केल्याने तपासण्याचा वेळ वाढत नाही, कदाचित कमीच होतो.

वेळापत्रक आणि झोप यांबद्दल फार लिहीत नाही, ते बहुतांशी आमच्या घरच्या शिस्तीचे काम आहे. अमेरिकेतल्या झोपवैद्यकाच्या संस्थेने 2016 साली 13 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी रोज आठ ते दहा तास झोप सुचवली आहे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ती कोणीच घेत नाही. तुमच्याकडून एवढेच हवे, की सराव प्रश्नांचा गठ्ठा शेवटच्या शुक्रवारी न देता आठवड्याला थोडे थोडे प्रश्न द्यावेत, म्हणजे अभ्यास विभागला जाईल.

काही शिक्षक म्हणतील, की हे सगळे परीक्षेपुरते शिकवणे झाले, आणि आम्हाला तर मुलांना साहित्याची गोडी लावायची आहे. या भूमिकेबद्दल मला आदर आहे. पण जी प्रश्नपत्रिका नोट्स पाठ करून सोडवता येते, ती वर्षभर लावलेली गोडी एका आठवड्यात पुसून टाकते. मुले व्यवहारी असतात, प्रश्नपत्रिका जे मागते तेच ती करतात. ‘पात्राचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न दरवर्षी येत असेल, तर दरवर्षी तेच पाठ केलेले स्वभावचित्र उतरेल. त्याच नाटकातला चर्चेत न आलेला एखादा छोटा प्रसंग छापून ‘या प्रसंगावरून पात्राविषयीचे तुमचे आधीचे मत बदलते का?’ असे विचारले, तर नोट्स निरुपयोगी होतील आणि नाटक खरोखर वाचलेल्या मुलाला पहिल्यांदाच त्या वाचनाचा फायदा होईल. असा प्रश्न येणार आहे, हे मात्र आधी सांगायला हवे आणि त्याचा सरावही वर्गात व्हायला हवा. अचानक टाकलेला नवा प्रश्न मुलांना फक्त घाबरवतो.

शेवटची मागणी परीक्षेनंतरची आहे. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या की कपाटात जातात आणि मुलाच्या हाती येतो तो फक्त आकडा. आपला निबंध कुठे फसला हे त्याला कधीच समजत नाही आणि पुढच्या वर्गात नवे शिक्षक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. नियम आड येत नसतील तिथे निकालानंतर एक तास उत्तरपत्रिका मुलांच्या हातात द्याव्यात, त्यांनी आपल्या तीन चुका लिहून घ्याव्यात, आणि तो कागद पुढच्या वर्गाच्या इंग्रजीच्या शिक्षकांकडे द्यावा. नियम आड येत असतील, तर तो नियम बदलण्याची मागणी तुम्ही शाळेकडे करावी. आम्ही पालक त्या अर्जावर सह्या करू.

कळावे,
आपली नम्र,
एक पालक